मराठी अग्रलेख आणि जगाच्या बातम्या

मराठीत राजकारण, युद्ध आणि परमुलखातल्या घडामोडींवर मत लिहिण्याची सवय छापखान्याच्या आधीची आहे. पेशवाईत दिल्लीच्या दरबारी हिंगणे, निजामाकडे गोविंदराव काळे असे वकील असत. त्यांच्या पत्रांत आधी बातमी येई, मग तिची खरीखोटी पारख, आणि शेवटी पुण्याने काय करावे याची मसलत. 1777 साली सेंट लुबिन हा फ्रेंच माणूस पुण्यात आला, तेव्हा इंग्रज आणि फ्रेंच यांच्या वैराचा आपल्याला काय उपयोग होईल हा हिशेब नाना फडणवीस घालू शकले, तो अशाच बातमीदारीच्या जोरावर. पण हे मत दरबारापुरते होते. सही असलेल्या पत्रातून ते एका माणसाला सांगितले जाई आणि दप्तरात जाऊन पडे.

ते चारचौघांत आले 6 जानेवारी 1832 रोजी. त्या दिवशी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. अर्धा मजकूर इंग्रजी, अर्धा मराठी, शेजारी शेजारी. संपादकाचे वय तेव्हा वीसच्या आसपास. विलायतेची बातमी जहाजाने यायची, तिला महिनोन्‌महिने लागायचे. ती इंग्रजी पत्रांतून उचलून मराठीत समजावून सांगावी लागे. नकाशावर देश कुठे आहे इथपासून सुरुवात. त्यामुळे ‘दर्पण’चा सूर शिक्षकाचा राहिला. वाद घालण्यापेक्षा माहिती देणे तिथे जास्त आहे, आणि त्या काळी तेच गरजेचे होते.

मताला धार आली ती भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये. 24 ऑक्टोबर 1841 रोजी सुरू झालेल्या या साप्ताहिकाने फ्रान्समधल्या राज्यक्रांतीचा इतिहास क्रमशः छापला. कंपनी सरकारच्या राज्यात राजाला पदच्युत करणाऱ्या लोकांची हकीकत मराठीत छापणे ही साधी गोष्ट नव्हती, पण ती ‘इतिहास’ म्हणून छापली गेली आणि खपली. याच पत्रात 1848 ते 1850 या काळात ‘लोकहितवादी’ या नावाने शतपत्रे आली. लेखक गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते, म्हणून टोपणनाव. हिंदुस्थानात पार्लमेंट असावे ही कल्पना त्यांनी मांडली ती त्याच पत्रांत, युरोपात जागोजागी सिंहासने डळमळत असताना. परदेशाचा दाखला द्यायचा आणि घरच्या राज्यकारभाराबद्दल बोलायचे, ही पुढे शंभर वर्षे चाललेली रीत इथे पक्की झाली.

पुण्यात 1849 पासून ‘ज्ञानप्रकाश’ होते, मुंबईत 1862 पासून ‘इंदुप्रकाश’. दरम्यान बातमीचा वेग बदलला. 1865 मध्ये हिंदुस्थान तारेने युरोपला जोडला गेला, 1870 मध्ये सुएझमार्गे समुद्राखालची तार मुंबईला आली. महिन्यांची बातमी तासांवर आली. तार थोड्या शब्दांची, महाग आणि बहुतेक वेळा इंग्रजांच्या बाजूची. त्यामुळे तिच्यावर भाष्य करणाऱ्याचे महत्त्व वाढले. तारेत जे नाही ते ओळखून सांगणे हे मराठी संपादकाचे काम झाले.

सरकारलाही हे लवकर कळले. 1878 साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने देशी भाषांतल्या पत्रांसाठी वेगळा कायदा आणला. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. त्याच वर्षी अफगाणिस्तानावर दुसरी स्वारी निघाली. रशिया, तुर्कस्तान आणि काबूल यांच्याबद्दल देशी पत्रे काय लिहितात याची सरकारला धास्ती होती. पुढे व्हाइसरॉय रिपनच्या कारकीर्दीत हा कायदा रद्द झाला. पण दंडविधानात 1870 साली घातलेले राजद्रोहाचे कलम 124 अ जागेवरच होते, आणि मराठी अग्रलेखाचे वळण त्यानेच ठरवले.

‘केसरी’ 4 जानेवारी 1881 रोजी, मंगळवारी निघाला. ‘मराठा’ हे इंग्रजी भावंड दोन दिवस आधीचे. आगरकर पहिले संपादक. 1887 पासून टिळक. गावात एकच अंक आणि ऐकणारे पारावर बसलेले पंधरा-वीस, अशी वाचनाची रीत होती. म्हणून ‘केसरी’ची वाक्ये मोठ्याने वाचता येतील अशी आहेत: प्रश्न विचारणारी, ठाम आणि ओळखीच्या म्हणींनी टेकवलेली. अग्रलेखावर सही नसे. टिळकांबरोबर न. चिं. केळकर, कृ. प्र. खाडिलकर यांचाही हात त्यात असे, आणि वाचणाऱ्याला सगळा मजकूर टिळकांचाच वाटे. कायद्यालाही तसेच वाटे.

1897 साली टिळकांवर पहिला राजद्रोहाचा खटला झाला. प्लेगच्या दिवसांतल्या इंग्रज अधिकारी रँडच्या कारभाराबद्दल ‘केसरी’ कडक लिहीतच होता, पण आरोपपत्रात आली ती शिवाजी उत्सवाची हकीकत आणि शिवाजीच्या तोंडी घातलेली कविता. अफझलखानाचा वध योग्य की अयोग्य ही चर्चा 1659 ची की 1897 ची, हा खरा वाद होता. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी सरकारबद्दल प्रेम नसणे म्हणजेच अप्रीती असा अर्थ ज्यूरीला सांगितला. सहा विरुद्ध तीन मतांनी टिळक दोषी ठरले आणि अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. दुसऱ्याच वर्षी कलमाची भाषा आणखी रुंद करण्यात आली.

अशा वेळी आडून बोलण्याची कला ज्याने सर्वात पुढे नेली तो पुण्याचा ‘काळ’. शिवराम महादेव परांजपे यांचे हे साप्ताहिक 1898 साली सुरू झाले. सरकारची स्तुती करता करता ती उलटी पडावी, अशी त्यांची वक्रोक्ती होती. शब्दन्‌शब्द राजनिष्ठ आणि वाचून झाल्यावर माणूस पेटलेला. तिचे इंग्रजी भाषांतर करून कोर्टापुढे ठेवणे हे सरकारी दुभाष्यांना जड जाई. ‘काळ’ आणि ‘विहारी’ या पत्रांतच विनायक दामोदर सावरकरांची लंडनची बातमीपत्रे 1906 पासून छापली गेली. आयर्लंड, इटली, रशिया ही नावे त्या दशकात पुण्या-नाशिकच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी होती, त्याचे बरेचसे श्रेय अशा मजकुराला जाते. 1905 मध्ये जपानने रशियाला हरवले, तेव्हा आशियाई देशाने युरोपच्या सत्तेला नमवले हा धडा मराठी पत्रांनी अनेक अंगांनी गिरवला.

30 एप्रिल 1908 रोजी मुझफ्फरपूरला खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी बाँब टाकला. त्यात दोन इंग्रज स्त्रिया मेल्या. ‘केसरी’ने 12 मे रोजी ‘देशाचे दुर्दैव’ आणि 9 जूनला ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे अग्रलेख लिहिले. दोन्हींवर खटला भरला गेला. पहिल्या लेखाचा मुद्दाच असा की हा शांत स्वभावाचा देश आता रशियाच्या वाटेला लागला आहे, आणि त्याला कारण दडपशाही. म्हणजे जगाच्या बातमीवरचे मत आणि घरच्या सरकारवरचे मत इथे एकाच वाक्यात गुंफलेले होते. सरकारी पक्षाला ते सोडवून दाखवायचे होते, टिळकांना सोडवू द्यायचे नव्हते.

खटला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दिनशा दावर यांच्यापुढे चालला. 1897 साली हेच दावर टिळकांचे वकील होते. झडतीत एक पोस्टकार्ड सापडले, त्यावर स्फोटकांवरच्या दोन पुस्तकांची नावे लिहिलेली. ते पुरावा म्हणून दाखल झाले. सरकारच्या नव्या स्फोटक कायद्यावर लिहायचे होते म्हणून ती नावे टिपली, असे टिळकांनी सांगितले. उलटतपासणीचा मोठा भाग भाषांतरावर गेला. मराठी शब्दाची छटा इंग्रजीत अधिक भडक कशी होते, हे टिळक दुभाष्याला एकेक शब्द घेऊन विचारत होते. ज्यूरीतल्या नऊ जणांपैकी सात युरोपियन आणि दोन पारशी. टिळकांनी स्वतःच बाजू मांडली आणि काही दिवस मिळून एकवीस तासांहून अधिक बोलले. 22 जुलैला सात विरुद्ध दोन असा निकाल आला: सहा वर्षे काळे पाणी आणि हजार रुपये दंड. मुंबईच्या गिरण्यांतले कामगार सहा दिवस संपावर गेले. अग्रलेखासाठी गिरण्या बंद पडल्याचे असे दुसरे उदाहरण शोधून सापडणार नाही. परांजप्यांनाही त्याच महिन्यात एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली, आणि 1910 च्या छापखाना कायद्याखाली जबर जामीन मागितला गेल्यावर ‘काळ’ बंद पडला. त्यातल्या निवडक निबंधांचे खंड जप्त झाले. बंदी उठली ती 1937 मध्ये.

पहिल्या महायुद्धाने मत देणाऱ्याची जबाबदारी वाढवली. मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या आणि 29 एप्रिल 1916 रोजी कुत-अल-अमारा पडले तेव्हा त्यातल्या काही आत वेढ्यात अडकलेल्या होत्या. सातारा-रत्नागिरीच्या खेड्यांत युद्धाची बातमी म्हणजे घरातल्या माणसाची खबर होती. खाडिलकरांनी चित्रशाळा छापखान्याच्या ‘चित्रमयजगत’ मासिकात या युद्धावर लिहिलेली लेखमाला हे लष्करी भाष्याचे मराठीतले पहिले मोठे काम. नाटककाराची नजर त्यांना उपयोगी पडली: कोण कुठून कोणावर चालून जातो आणि का, हे ते प्रवेशासारखे उभे करीत. अच्युत बळवंत कोल्हटकरांच्या ‘संदेश’ या दैनिकाने 1915 पासून दुसरी वाट धरली. चटकदार मथळे, ‘वत्सलावहिनींची पत्रे’, बोलभाषेतली टवाळी. पंडितांनी नाके मुरडली. पण साप्ताहिकाच्या गंभीर अग्रलेखाला कंटाळलेला शहरी वाचक दैनिकाकडे त्यामुळेच वळला. 1923 साली खाडिलकरांनी ‘नवाकाळ’ काढला, आणि 1929 मध्ये तेही राजद्रोहासाठी तुरुंगात गेले.

पुण्या-मुंबईचे हे मत म्हणजे सगळ्या महाराष्ट्राचे मत, असे समजण्याची चूक नंतरच्या इतिहासलेखनात पुष्कळ झाली आहे. 1877 मध्ये कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ काढला तेव्हापासून वेगळा सूर होताच. मुकुंदराव पाटलांनी 1910 पासून ‘दीनमित्र’ नगर जिल्ह्यातल्या तरवडी या खेड्यातून चालवला. 31 जानेवारी 1920 रोजी शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीवर डॉ. आंबेडकरांचा ‘मूकनायक’ निघाला, 1927 मध्ये ‘बहिष्कृत भारत’. आयर्लंड आणि रशियाचे दाखले देणाऱ्यांना या पत्रांनी उलटा सवाल टाकला: ते स्वराज्य कोणाचे? हा सवाल वक्रोक्तीत नव्हता, सरळ होता.

गोव्यात घड्याळ वेगळे चालले. 1910 साली पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले, गोव्यातल्या हिंदूंना नागरी हक्क मिळाले आणि मराठी पत्रांना मोकळीक. गोविंद पुंडलीक हेगडे देसाई यांचे ‘भारत’ 1912 चे. लिस्बनमधल्या क्रांतीने मिळालेले हे स्वातंत्र्य पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सेन्सॉरशिपने हिरावून घेतले; पोर्तुगीज राजवटीविरुद्ध छापायचे तर सीमेपलीकडे जावे लागे.

स्वातंत्र्यानंतर अग्रलेखाचा शत्रू बदलला. आचार्य अत्रे यांच्या दैनिक ‘मराठा’ने 1956 पासून संयुक्त महाराष्ट्रासाठी जी भाषा वापरली ती सभेची होती, जगाच्या राजकारणाला तिच्यात फारशी जागा नव्हती. ती कमी ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये गोविंद तळवलकरांनी 1968 ते 1996 या काळात भरून काढली. सोविएत संघ, युरोप, पश्चिम आशिया यांवर नियमाने, पुस्तके वाचून लिहिलेले त्यांचे अग्रलेख घरच्या राजकारणाचे झाकण नव्हते. जग हाच त्यांचा विषय होता. मराठीत हे व्हायला परका राज्यकर्ता जावा लागला. 1975 च्या आणीबाणीत मात्र सेन्सॉर परत आला, आणि ‘साधना’ साप्ताहिकाला त्याच्याशी झगडावे लागले.

कलम 124 अ स्वतंत्र भारतातही चालू राहिले. 11 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याखालचे खटले स्थगित ठेवण्यास सांगितले. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात राजद्रोह हा शब्द नाही; देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृतींसाठी, त्यात बोललेले आणि लिहिलेले शब्दही आले, कलम 152 आहे.