अकरावीचा अर्ज : पहिली पसंती टाकण्याआधी घरात काय ठरवावे?

दहावीचा निकाल लागला की नेट कॅफेवर गर्दी होते. वडील रानात, आई घरकामात आणि पोरगं मित्रांसोबत कॅफेत. कॅफेवाला कॉलेजांची नावे सुचवतो, पोरगं मान हलवतं आणि अर्ज जातो. घरात चर्चा होते ती कॉलेज लागल्यावर. तोवर उशीर झालेला असतो.

पहिली पसंती का महत्त्वाची?

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर, ग्रामीण भागातही, केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने सुरू झाले. अर्जाच्या पहिल्या भागात वैयक्तिक माहिती आणि दुसऱ्या भागात कॉलेजांचे पसंतीक्रम, कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त १०. या पद्धतीत पहिल्या पसंतीचे कॉलेज लागले तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाहेर पडतो. म्हणून नाव मोठे आहे एवढ्यावर पहिली पसंती टाकू नये. जिथे पोर रोज जाऊ शकेल, तेच कॉलेज वर ठेवावे. त्या वर्षीच्या सूचना अर्ज भरताना वाचाव्यात.

आधी शाखा, मग कॉलेज

सायन्स केलेला विद्यार्थी पुढे आर्ट्स किंवा कॉमर्सला जाऊ शकतो. आर्ट्सवरून इंजिनिअरिंग किंवा मेडिकलला जाता येत नाही. पण एवढ्यासाठीच गणिताची धास्ती असलेल्या मुलाला सायन्सला ढकलणे बरे नाही. दहावीनंतर आयटीआय आहे. तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमाही आहे, त्यानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. शेजारच्याचा मुलगा कुठे गेला, यावर आपल्या घरचा निर्णय होऊ नये.

एसटी आणि खर्च

कॉलेज चांगले, पण सकाळच्या तासाला पोहोचणारी गाडीच नाही, असे खेड्यात सर्रास घडते. मग सगळ्यात आधी मुलीचे शिक्षण थांबते. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, मुलांना मासिक पासात ६६.६६ टक्के सवलत आहे. पण पास असला तरी गाडी वेळेवर हवी. पावसाळ्यात गाडी गावात येते का, हेही विचारावे. अर्जाआधी एक दिवस पालक आणि मुलाने त्याच गाडीने कॉलेजपर्यंत जाऊन यावे.

तिथे गेल्यावर तुकडी अनुदानित की विनाअनुदानित, हे विचारावे. एकाच कॉलेजात दोन्ही असू शकतात आणि फीमध्ये मोठा फरक पडतो. विषयाला शिक्षक आहेत का, प्रयोगशाळा चालू असते का, हे तिथे शिकणाऱ्या मुलांकडून कळते. 'कॉलेजला येऊ नका, फक्त क्लास करा' असे कोणी सांगितले तर सावध व्हावे. बारावी बोर्डाला ७५ टक्के हजेरीचा नियम आहे.

घरात कसे बसावे?

संध्याकाळी जेवणं झाल्यावर मोबाईल बाजूला ठेवून बसावे. मुलाने तीन कॉलेजे कागदावर लिहावीत, आई-वडिलांनी वेगळी तीन लिहावीत. मग प्रत्येक नावापुढे कारण सांगावे. वर्षाला किती पैसे देता येतील, हे वडिलांनी स्पष्ट सांगावे. त्यात पोराला लाज वाटण्यासारखे काही नाही. 'मित्र तिथे आहेत' हे पोराचे एकटे कारण चालू नये, तसे 'लोक काय म्हणतील' हे मोठ्यांचेही चालू नये. मुलगी गप्प बसली म्हणजे होकार, असे धरू नये.

अर्ज भरताना

गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, लागू असल्यास जातीचा आणि नॉन क्रिमीलेयर दाखला जवळ ठेवावा. अर्जात मोबाईल नंबर घरचाच द्यावा, कॅफेवाल्याचा नको. लॉगिन आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवावा. कॅफेत जाताना घरी ठरलेला कागद सोबत न्यावा, अर्ज पाठवण्याआधी स्क्रीनवरचा क्रम त्याच्याशी ताडून पाहावा आणि शेवटी प्रिंट घ्यावी.