कुलिन : नाव एक, अर्थ दोन

‘कुलिन’ म्हणजे बोस्नियाचं मध्ययुगीन राजघराणं आणि ऑस्ट्रेलियातला एक भाषागटही. या दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. आपल्या ‘कुलीन’ शब्दाशी तर नाहीच.

बान कुलिन (‘बान’ ही तिथली पदवी) साधारण ११८० ते १२०४ बोस्नियाचा शासक होता. त्याचं घराणं ते कुलिनिच. २९ ऑगस्ट ११८९ रोजी त्याने दुब्रोवनिकच्या व्यापाऱ्यांना सनद दिली : माझ्या मुलखात कुठेही व्यापार करा, जकात नाही, खुशीने काही दिलंत तर तेवढंच. मजकूर लॅटिन आणि स्थानिक स्लाव्हिक अशा दोन्ही भाषांत होता. बोस्नियात आजही फार जुन्या गोष्टीला ‘कुलिन बानाच्या काळापासूनची’ म्हणतात.

मेलबर्न परिसरातल्या वॉयवुरुंग, बूनवुरुंग, तौंगुरुंग वगैरे भाषा म्हणजे कुलिन गट. इथे ‘कुलिन’चा अर्थ माणूस. ‘वुरुंग’ म्हणजे तोंड, म्हणजेच भाषा, आणि ‘वॉय’ म्हणजे ‘नाही’. थोडक्यात, ‘नाही’ला ‘वॉय’ म्हणणाऱ्यांची भाषा ती वॉयवुरुंग!

त्यांच्याही वाट्याला एक दस्तऐवज आला. जून १८३५ मध्ये जॉन बॅटमनने घोंगड्या, सुऱ्या, कुऱ्हाडी, आरसे, पीठ देऊन कुलिन वडीलधाऱ्यांकडून सुमारे ६ लाख एकर जमीन ‘विकत’ घेतली. कागद होता फक्त इंग्रजीत. ऑगस्टमध्ये गव्हर्नर बर्क यांनी तो रद्द केला. कुलिनांची फसवणूक झाली म्हणून नव्हे, तर जमीन ब्रिटिश राजसत्तेचीच आहे म्हणून. त्याच जमिनीवर मेलबर्न वसलं. वॉयवुरुंग मात्र आता पुन्हा शिकवली जातेय.