शिक्षक आणि उद्योग यांची भागीदारी: आयटीआयच्या निदेशकांना कोणते प्रशिक्षण लागते?

आयटीआयमध्ये दोन वर्षे साध्या लेथवर हात बसवलेला मुलगा कारखान्यात जातो आणि समोर सीएनसी मशीन दिसते. जॉब तोच, पण काम करण्याची पद्धत वेगळी. ही दरी भरायची तर आधी त्याला शिकवणाऱ्याला आजच्या कारखान्याची ओळख हवी. आयटीआयमध्ये शिकवणाऱ्याला शिल्प निदेशक म्हणतात.

भागीदारी कशी चालते?
२०१६ मध्ये देशात 'ड्युअल सिस्टिम ऑफ ट्रेनिंग' सुरू झाली. तिची कल्पना जर्मनीच्या पद्धतीवरून घेतली आहे. आयटीआय आणि कंपनी सामंजस्य करार करतात. थिअरी आणि पायाभूत कौशल्ये आयटीआयमध्ये शिकवली जातात, प्रत्यक्ष काम कंपनीत.

निदेशक कसे घडतात?
त्यांच्यासाठी 'क्राफ्ट इन्स्ट्रक्टर ट्रेनिंग स्कीम' हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तो राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थांमध्ये चालतो. मुंबईतही अशी संस्था आहे. त्यात ट्रेडचे तंत्रज्ञान आणि शिकवण्याची पद्धत, दोन्ही असते.

एवढे पुरेसे आहे का?
नाही. मशीन, सॉफ्टवेअर आणि सुरक्षेचे नियम बदलत राहतात. त्यामुळे नोकरीत असतानाही अधूनमधून कारखान्यात राहून शिकावे लागते. तिथे निदेशकाला नवी मशीन तर कळतेच, शिवाय कंपनी नवख्याकडून काय अपेक्षा ठेवते, माल कशामुळे रिजेक्ट होतो, हेही कळते. सुपरवायझरशी ओळख झाली की विद्यार्थ्याची अडचण एका फोनवर सुटू शकते. ही ओळख नसेल, तर करार फाइलमध्येच राहतो आणि मुलगा कंपनीत झाडलोट किंवा सामान उचलण्याच्या कामाला लागण्याची भीती असते.

उद्योगातील माणूस वर्गात येऊ शकतो का?
हो. उच्च शिक्षणात यूजीसीने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' हे पद आणले. त्यासाठी पीएचडीची अट नाही. आपल्या क्षेत्रातला किमान १५ वर्षांचा अनुभव मात्र लागतो. अशी पदे मंजूर पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावीत. पण काम येणे वेगळे आणि शिकवता येणे वेगळे. म्हणून अशा तज्ज्ञांनाही अध्यापनाची तयारी लागते.

पुढे काय?
मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आयटीआय सुधारणेची ६०,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिच्यात १,००० सरकारी आयटीआयचा दर्जा वाढवण्याबरोबरच ५०,००० प्रशिक्षकांच्या प्रशिक्षणाचे उद्दिष्ट आहे.

प्रवेश घेताना काय विचारावे?
हा ट्रेड ड्युअल पद्धतीने चालतो का? करार कोणत्या कंपनीशी आहे? निदेशक कारखान्यात शेवटचे कधी शिकून आले? इमारत आणि फी पाहण्याआधी या तीन प्रश्नांची उत्तरे मिळवावीत.