कशेळी

कशेळी : रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यातील अरबी समुद्राकाठचे गाव. रत्नागिरीहून भाट्ये, पावस, पूर्णगड असा किनाऱ्याचा रस्ता धरून मुचकुंदी नदीच्या खाडीवरील पूल ओलांडला की गावखडी आणि त्यानंतर कशेळी लागते. अंतर सुमारे ४० किमी. पुढे लगेच आडिवरे. कनकादित्याचे मंदिर, देवघळीचा चिमुकला किनारा आणि सड्यावर कोरलेला अवाढव्य हत्ती या तीन गोष्टींसाठी गाव ओळखले जाते. पहिल्या दोन ओळखी जुन्या. तिसरी जगाला अलीकडे कळली, पण वयाने सर्वांत थोर तीच.

सडा म्हणजे किनारपट्टीच्या डोंगरांवरील सपाट, उघडा कातळ. हा कातळ जांभ्याचा. बेसाल्ट खडक ऊन-पावसाने लक्षावधी वर्षे झिजला, त्यातील विरघळणारी द्रव्ये पाण्याबरोबर निघून गेली, मागे लोह व ॲल्युमिनिअम यांची संयुगे उरली आणि त्यांचा हा तांबूस, सच्छिद्र दगड बनला. जमिनीत असताना जांभा तासायला सोपा असतो, वारा लागला की घट्ट होतो. म्हणून तर कोकणातली घरे, गडगे आणि विहिरी त्याच्या चिऱ्यांनी बांधल्या गेल्या. भात खाली मळ्यात, आंबा-काजू उतारावर, वस्ती झाडांच्या सावलीत, आणि सडा गुरांना मोकळा, अशी गावाची जुनी वाटणी असे. नांगर चालत नाही म्हणून असा कातळ सातबाऱ्यावर पोटखराब्यात मोडतो. कशेळीचे सर्वांत मोलाचे धन नेमके त्या पोटखराब्यात आहे.

हा हत्ती सुमारे १८ मी. लांब आणि १३ मी. रुंद असून तो कोकणातील सर्वांत मोठ्या कातळशिल्पांपैकी एक आहे. तो उभा दगड नव्हे, दगडावर आडवा पडलेला आहे. बाह्यरेषा कातळात खोदून काढलेली, आणि त्या रेषेच्या आत, हत्तीच्या अंगभर, जमिनीवरचे व पाण्यातले सत्तरेक प्राणी दाटीने कोरलेले. बाहेरून एक प्राणी, आतून सारी प्राणिसृष्टी, अशी ही रचना आहे. ती सहज सुचलेली किंवा गुरे राखताना वेळ घालवण्यासाठी कोरलेली असेल, असे मानणे अशक्य आहे. जमिनीवर उभे राहिलेल्याला अख्खा हत्ती एका नजरेत कधीच दिसत नाही, तरी त्याची प्रमाणे बिघडलेली नाहीत. ज्यांनी तो कोरला त्यांना आधी तो मनात पूर्ण दिसलेला होता.

पाहणाऱ्याला पहिल्या क्षणी काहीच दिसत नाही, हा अनुभव जवळजवळ सर्वांचा आहे. भर दुपारी कातळ सपाट पांढुरका भासतो. सकाळी किंवा कलत्या उन्हात खाचांमध्ये सावली भरते; मग एक सोंड, एक पाय, पाठीचा बाक असे तुकड्यातुकड्यांनी चित्र उलगडते. पावसाळ्यात त्याच खाचांत पाणी साठते आणि सभोवती सीतेची आसवे व गेंद यांचे ताटवे फुलतात.

काळ. कातळावरच्या खाचेत कार्बन-कालमापनाला लागणारे सेंद्रिय द्रव्य नसते, त्यामुळे या चित्रांचे वय थेट मोजता येत नाही. अभ्यासकांचा तर्क चित्रांतल्या विषयांवर चालतो. कोकणातल्या या शिल्पांत हत्ती, गेंडा, वाघ, हरणे, रानडुकरे, मासे, पाकट दिसतात. शेतीची दृश्ये मात्र दिसत नाहीत. गेंडा आज कोकणात नाही. तेव्हा ही कला शिकार आणि मासेमारीवर जगणाऱ्या, शेती न करणाऱ्या समाजाची असावी, असे अनुमान निघते आणि त्यावरून दहा-बारा हजार वर्षांपूर्वीचा मध्याश्मयुगीन काळ सुचवला जातो. सगळी चित्रे एकाच काळातली नाहीत, काही बरीच नंतरची आहेत, असेही मत आहे आणि ते सयुक्तिक वाटते. कारण प्राण्यांच्या शेजारी अगदी निराळ्या हाताच्या भौमितिक चौकटीही सड्यांवर आढळतात. सिंधुदुर्गात कोळोशी येथील गुहेच्या उत्खननात दगडी हत्यारे मिळाल्याने या किनाऱ्यावर अश्मयुगीन माणूस वावरत होता, एवढे तरी ठाम झाले आहे.

शोध. कुडोपी व हिवाळे या सिंधुदुर्गातील स्थळांकडे सतीश लळीत यांनी लक्ष वेधले. पुढे २०१२ नंतर रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि भूगोलाचे प्राध्यापक सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी सडेच्या सडे पायांखाली घातले. पद्धत साधी होती : गावात जायचे, गुराख्यांना, म्हाताऱ्यांना, देवळातल्या मंडळींना विचारायचे. माहिती गावांना होतीच. कुठे त्यांना पांडवांची चित्रे म्हणत, कुठे राखणदार, कुठे नुसतेच देवाचे ठिकाण. बऱ्याच ठिकाणी रेषांवर माती आणि गवत चढले होते; त्या थरानेच चित्रे राखली. अशा रीतीने अनेक गावांत हजाराहून अधिक चित्रांची नोंद झाली. कोकण व गोवा मिळून नऊ स्थळे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा संभाव्य यादीत आली : रत्नागिरी जिल्ह्यातील कशेळी, उक्षी, जांभरूण, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू व देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसामळ.

समुद्रकाठ आणि प्रागैतिहासिक दगड हा संयोग जगात इतरत्रही आहे. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील कार्नाक हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. तेथे तीन हजारांहून अधिक दगड किलोमीटर-किलोमीटर लांबीच्या रांगांत उभे आहेत आणि जवळच पुळणीवर उन्हाळी पाहुण्यांचे नगर वसले आहे. तिथल्या लोककथेत पाठलाग करणाऱ्या रोमन सैनिकांना एका संताने दगड बनवले. आपल्याकडे पांडवांनी एका रात्रीत चित्रे कोरली. न उमगलेल्या कामाला कर्ता शोधण्याची माणसाची रीत दोन्हीकडे एकच. कार्नाकमध्ये पर्यटकांच्या पायांनी माती सैल होऊन दगड डळमळू लागले, तेव्हा १९९१ पासून रांगांना कुंपण घालावे लागले. २०२५ मध्ये ते स्थळ जागतिक वारसा ठरले. महाराष्ट्रात असे मांडलेले दगड पाहायचे तर विदर्भात जावे : नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळे लोहयुगातील दफनांची आहेत. कशेळीच्या माणसाने दगड उभा केला नाही. त्याने जमीनच लिहिली.

कनकादित्य. सूर्याची नांदती मंदिरे महाराष्ट्रात थोडी. त्यांत कशेळीच्या मंदिराचे स्थान वरचे. आख्यायिका अशी : सौराष्ट्रातील प्रभासपाटणहून आदित्यमूर्ती घेऊन निघालेल्या व्यापाऱ्याचे गलबत कशेळीसमोर अडले, त्याने मूर्ती किनाऱ्यावरील गुहेत ठेवली, आणि कनका नावाच्या गणिकेला दृष्टांत होऊन तिने ती गावात आणवली, तिच्या नावावरून देव कनकादित्य झाला. एका गणिकेचे नाव देवाच्या नावाआधी लागावे आणि शतकानुशतके टिकावे, ही गोष्ट गावाच्या मोठेपणाची आहे. इतिहासाचा पुरावा आख्यायिकेहून निराळा. कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातील दुसरा भोज याचा शके १११३ (इ. स. ११९१) मधील ताम्रपट कशेळीशी निगडित असून बारा ब्राह्मणांच्या भोजनासाठी हे गाव दान दिल्याची नोंद त्यात आहे. म्हणजे गावाचे नाव आठशेहून अधिक वर्षे फारसे बदललेले नाही. रथसप्तमीपासूनचा माघी उत्सव हा गावचा मोठा सोहळा. त्यासाठी कालिकावाडीहून कालिकादेवी मंदिरात आणली जाते.

देवघळी ही दोन कड्यांमध्ये सापडलेली वाळूची चंद्रकोर. मूर्ती जिथे ठेवली ती घळ म्हणून देवघळी. वरून दृश्य सुरेख, सूर्यास्त विशेष. पाण्यात उतरण्याचा मोह मात्र टाळावा, कडे आणि लाटा दोन्ही बेभरवशाचे.

गावातील तरुण पिढीचा मोठा भाग, किनाऱ्यावरील इतर गावांप्रमाणेच, मुंबईत किंवा पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणच्या कारखान्यांत नोकरी करतो आणि गणपती-शिमग्याला परततो. पर्यटनामुळे काही घरांत राहण्या-जेवणाची सोय झाली आहे, पण कशेळी अजून गावच आहे, आणि ते तसेच राहण्यात हत्तीचे हित आहे.

कातळशिल्पांना खरा धोका वाऱ्या-पावसाचा नाही. चिरेखाण एका हंगामात पिढ्यान्‌पिढ्यांचा सडा कापून नेते. आंबा-काजूच्या कलमांसाठी सुरुंग लावून खड्डे काढले जातात, वर माती आणून ओतली जाते, रस्ता रुंद होताना कडेचे चित्र नाहीसे होते. याच तालुक्यातील बारसूचा सडा तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी सुचवला गेला आणि एप्रिल २०२३ मध्ये तेथे माती परीक्षणावरून मोठे आंदोलन झाले. बहुतेक सडे खासगी मालकीचे आहेत. ज्या शेतकऱ्यांनी आपला कातळ न फोडता चित्रासाठी सोडला, त्यांनी पदरचे उत्पन्न सोडले आहे; त्याचा रास्त मोबदला त्यांना मिळाल्याशिवाय संरक्षणाचे कोणतेही कलम टिकणार नाही.

हत्ती पाहण्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. सड्यावर सावली नाही, पाणी नाही. दोन्हीची तजवीज बरोबर न्यावी. रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत खडू, रंग किंवा पीठ भरू नये, आणि खाचांवर पाय न देता कडेकडेने फिरावे.