नसण्याचं अक्षर

आज हिशेबाच्या वह्या बाजूला ठेवूया. आज एका अक्षराची गोष्ट सांगायची आहे. बाराखडीतलं अगदी पहिलं अक्षर, ‘अ’.

हे अक्षर शब्दाच्या आधी येऊन बसलं की त्या शब्दातली गोष्ट नाहीशी होते. न्याय नसेल तिथे अन्याय. ज्ञान नसेल तिथे अज्ञान. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर मात्र ‘अ’ला एकट्याने जमत नाही, तो ‘न’ला सोबत घेतो. ‘अउचित’ म्हणून बघा, जीभ अडखळते. म्हणून अनुचित. अंत नाही तो अनंत. ओळख नाही तो अनोळखी. शाळेत याला उपसर्ग म्हणायचे आणि तो दोन मार्कांना हमखास यायचा.

आता गंमत ऐका. ग्रीस देशाच्या जुन्या भाषेतही नेमका हाच नियम आहे. व्यंजनाआधी ‘अ’, स्वराआधी ‘अन’, आणि अर्थ ‘नाही’. तीच अडचण, तोच तोडगा. हा योगायोग नाही. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कोलकात्यात विल्यम जोन्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाने एशियाटिक सोसायटीपुढे एक भाषण केलं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांची क्रियापदं आणि व्याकरणाची रूपं इतकी जुळतात, की त्या एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, असं त्याने सांगितलं. ती मूळ भाषा कदाचित आज उरलीही नसेल, असंही तो म्हणाला. अभ्यासकांनी पुढे हे नातं पक्कं केलं. म्हणजे ग्रीक ही आपली लांबची मावसबहीणच. इंग्रजीत ‘अनहॅपी’ म्हणतात ना, त्यातला ‘अन’सुद्धा याच घरातला.

युरोपातले डॉक्टर आणि शास्त्रज्ञ शेकडो वर्षं नव्या वस्तूंना, नव्या आजारांना ग्रीक नावं देत आले. म्हणून इंग्रजीत हा ग्रीक ‘अ’ पोत्याने सापडतो. इंग्रजीत त्याचा उच्चार कधी ‘ॲ’ होतो, एवढाच फरक.

‘ॲटम’ घ्या. ‘टोमॉस’ म्हणजे कापलेलं, ‘अटोमॉस’ म्हणजे जे कापता येत नाही ते. डेमोक्रिटस आणि त्याच्या गुरूने अडीच हजार वर्षांपूर्वी हा विचार मांडला, की कापत कापत गेलं तर शेवटी असा कण उरेल जो आणखी कापता येणार नाही. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसनने ॲटमच्या आतला इलेक्ट्रॉन शोधला आणि नाव खोटं ठरलं. पण नाव काही कुणी बदललं नाही.

‘ॲनॉनिमस’ म्हणजे नाव नसलेला. ग्रीकमध्ये नावाला ‘ओनोमा’ म्हणतात, संस्कृतात ‘नामन्’, इंग्रजीत ‘नेम’. तिन्ही एकाच मुळातले. म्हणून ॲनॉनिमस आणि आपलं अनामिक हे शब्द शेजारी शेजारी ठेवले तर सख्खे वाटतात. बायकांच्या इतिहासात हा शब्द फार भेटतो. जेन ऑस्टिनची पहिली कादंबरी १८११ मध्ये छापली गेली तेव्हा तिच्यावर लेखिकेचं नाव नव्हतं, ‘एका बाईने लिहिलेली’ एवढंच होतं. आपल्याकडे १८८२ मध्ये ‘सीमंतनी उपदेश’ हे बायकांच्या हालांवरचं हिंदी पुस्तक निघालं. त्याची लेखिका म्हणजे ‘एक अज्ञात हिंदू स्त्री’. अज्ञात. तिथेही तो ‘अ’ आहेच.

‘असायलम’ शब्द बातम्यांमध्ये येतो. परक्या देशात आसरा मागतात, तो. मूळ ग्रीक अर्थ मला फार आवडला. ‘सीलॉन’ म्हणजे माणसाला किंवा मालाला ओढून नेण्याचा, जप्त करण्याचा हक्क. तो जिथे चालत नाही ती जागा म्हणजे असायलम. ग्रीक देवळांत शिरलेल्याला असं ओढून बाहेर काढता येत नसे. पुढे इंग्रजांनी हेच नाव वेड्यांच्या इस्पितळांना दिलं आणि त्याचा अर्थ जवळजवळ उलटाच झाला. जिथून कुणी ओढून नेऊ शकत नाही, ती जागा जिथून स्वतःहून निघता येत नाही अशी झाली.

पण ‘ॲ’ दिसला की लगेच ‘नाही’ समजू नका. ‘ॲनॅटॉमी’मधला ‘ॲना’ हा वेगळा ग्रीक उपसर्ग आहे. त्याचा अर्थ वर, पुन्हा, पार शेवटपर्यंत असा काहीसा होतो. शरीर पूर्ण कापून उघडून बघणं म्हणजे ॲनॅटॉमी. आपल्याकडेही अशी फसगत होते. ‘अनुभव’ म्हणजे ‘भव नाही’ असं कुणी म्हणेल का? तिथे उपसर्ग ‘अनु’ आहे.

ग्रीक लोक स्वतःही फसले. त्यांच्या गोष्टींमध्ये ‘ॲमेझॉन’ नावाच्या लढवय्या बायका येतात. ‘माझॉस’ म्हणजे स्तन, म्हणून त्यांनी अर्थ लावला ‘स्तन नसलेल्या’. वर पुस्ती जोडली, की धनुष्य नीट ओढता यावं म्हणून त्या एक स्तन काढून टाकत. भाषेचे जाणकार आज ही फोड मानत नाहीत. आणि गंमत म्हणजे ग्रीकांच्याच जुन्या भांड्यांवर आणि शिल्पांमध्ये या बायकांना दोन्ही स्तन व्यवस्थित दाखवलेले आहेत! शब्दाचा अर्थ लावायला बसले आणि बाईच्या अंगाची कापाकापी करून मोकळे झाले. आज ज्या नावाने घरपोच खोकी येतात ते नाव दक्षिण अमेरिकेतल्या नदीचं, आणि नदीचं नाव या बायकांवरून.

आता दवाखान्यात येऊ. तिथे हा ‘अ’ आपल्याला रोज भेटतो.

‘ॲनेस्थेशिया’. ‘आयस्थेसिस’ म्हणजे संवेदना, ती नसणं म्हणजे ॲनेस्थेशिया. हा शब्द येण्याआधी काय होत असे ते फॅनी बर्नी या इंग्रज लेखिकेने लिहून ठेवलंय. सप्टेंबर १८११ मध्ये पॅरिसमध्ये तिचा एक स्तन कापून काढला, ती शुद्धीवर असताना. पुढे काही महिन्यांनी तिने बहिणीला लांबलचक पत्र लिहून सगळं सांगितलं. त्यानंतर ती २८ वर्षांहून जास्त जगली. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टनच्या इस्पितळात विल्यम मॉर्टन या दाताच्या डॉक्टरने ईथर हुंगवून रोग्याला झोपवलं आणि सर्जनने गाठ काढली. पुढच्याच महिन्यात ऑलिव्हर वेंडेल होम्सने पत्र लिहून या अवस्थेला ‘ॲनेस्थेशिया’ हे नाव सुचवलं.

बाळंतपणात वेदना कमी करायला हे वापरायचं तेव्हा मात्र वाद झाला. एडिंबराचे प्राध्यापक जेम्स सिम्पसन यांनी १८४७ मध्ये बाळंतिणींना क्लोरोफॉर्म द्यायला सुरुवात केली. काहींनी आक्षेप घेतला, की बाईने कळा सोसूनच मूल जन्माला घालावं असं धर्मग्रंथात लिहिलंय. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने आपल्या आठव्या बाळंतपणात डॉक्टर जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतला. राणीला कोण बोलणार?

मराठीत आपण याला ‘भूल’ म्हणतो. ग्रीक शब्द सांगतो की संवेदना नाही. मराठी शब्द सांगतो की थोडा वेळ विसर पडेल. मला आपला शब्द जास्त मायेचा वाटतो. ऑपरेशनच्या आधी ज्या कागदावर सही घेतात त्यावर मात्र तो ग्रीक शब्दच असतो. तेव्हा सही करण्याआधी विचारायचं, भूल पूर्ण आहे, कमरेखालची आहे की तेवढ्याच जागेची. विचारलं तर कुणी रागावत नाही, आणि रागावलं तरी विचारायचं.

आणि आता तो शब्द, ज्याच्यासाठी खरं तर मी हा विषय घेतला. ‘ॲनिमिया’. ‘हाइमा’ म्हणजे रक्त. ॲनिमिया म्हणजे अक्षरशः ‘रक्त नाही’. ॲरिस्टॉटलने प्राण्यांचे दोन गट केले होते, रक्त असलेले आणि रक्त नसलेले. किडे, खेकडे, गोगलगायी या दुसऱ्या गटात, आणि त्या गटाला त्याने हाच शब्द लावला होता. बाईच्या अंगात रक्त नाही असं कसं होईल? असतंच. त्यातलं हिमोग्लोबिन कमी असतं. गरोदर नसलेल्या बाईला १२च्या खाली आणि गरोदर बाईला ११च्या खाली गेलं की ॲनिमिया म्हणतात. सरकारच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बाया यात सापडल्या. बैठकीला दहा जणी बसल्या असतील तर त्यातल्या पाच धरा. ‘अशक्तपणा आहे’ असं आपण म्हणतो आणि कामाला लागतो. शब्दातला ‘अ’ काय नाही ते सांगतो, का नाही ते सांगत नाही.

हे ‘का’ विचारायला जगाला फार वेळ लागला. आपल्या आयुर्वेदाने आजाराला रंगावरून नाव दिलं, पांडुरोग, फिकटपणाचा आजार. त्यावर लोखंडाची औषधं चरकसंहितेतही आहेत. युरोपानेही आधी रंगच पाहिला. फिकट, दमलेल्या, धाप लागणाऱ्या मुलींच्या आजाराला ते ‘हिरवा आजार’ म्हणत. १५५४ मध्ये योहानेस लांगे नावाच्या जर्मन वैद्याने याला ‘कुमारिकांचा आजार’ म्हटलं आणि उपाय सांगितला, लग्न लावून द्या! मुलीचं रक्त कमी, आणि औषध नवरा. हसू येतंय ना? पण ‘लग्न झालं की तब्येत सुधारेल’ हे वाक्य तुम्ही तुमच्या गावात ऐकलं नसेल तर मला सांगा. १८३२ मध्ये पिएर ब्लो या फ्रेंच डॉक्टरने लोहाच्या गोळ्या दिल्या आणि मुलींच्या गालावर रंग आला. लग्नाशिवाय.

पण सगळ्यांच्या अंगात लोहच कमी नसतं. ते कळलं मुंबईत.

१९२८ मध्ये लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागली. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायांमध्ये भयंकर ॲनिमिया दिसत होता, काही जणी त्यातच दगावत होत्या. त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी कमी होत्या, पण नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण नव्हे. लूसीबाईंनी कुठल्या जंतूमुळे होतंय का ते तपासलं, तसं सापडलं नाही. मग त्यांनी या बाया काय खातात ते पाहिलं. उत्तर त्यांच्या ताटात होतं. जिचं जेवण जास्त निकृष्ट, तिला धोका जास्त.

दक्षिणेत कुन्नूरला त्यांनी उंदरांना तसलंच अन्न देऊन पाहिलं, मग माकडांवर प्रयोग केले. शेवटी लागू पडलं ते मार्माइट. बिअर बनवताना उरणाऱ्या यीस्टपासून केलेला हा काळपट, खारट, स्वस्त लगदा इंग्रज लोक पावाला लावून खातात. तो खाऊन गिरणीतल्या बाया बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. मार्माइटमध्ये नेमकं काय होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून बरीच वर्षं त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पालकाच्या पानांतून तो पदार्थ वेगळा केला आणि लॅटिनमध्ये पानाला ‘फोलियम’ म्हणतात म्हणून नाव दिलं फॉलिक ॲसिड. लूसी विल्स यांचं नाव पुस्तकांत राहिलं. ज्यांच्या रक्तावरून हे कळलं त्या गिरणीतल्या बाया ॲनॉनिमस राहिल्या.

आशाताई गरोदर बाईला जी लाल गोळी देतात, त्यात लोह आणि हे फॉलिक ॲसिड दोन्ही असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, असं १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घेतली तर उत्तम. शौचाला काळं होतं, त्याला घाबरून गोळ्या फडताळात टाकू नका. मळमळलं तर रात्री जेवण झाल्यावर घेऊन बघा. मेथी, पालक, हरभऱ्याची भाजी फार वेळ रटरट शिजवू नका, त्यातलं फॉलिक ॲसिड उष्णतेने जातं. आणि भाजी घरात सगळ्यांना वाढून उरली तरच आपण घ्यायची, ही पद्धत या आठवड्यापासून बंद. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपला हिमोग्लोबिनचा आकडा बचतीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून आणायचा आहे. ज्यांनी अजून तपासलं नाही त्यांनी उपकेंद्रात जाऊन तपासून घ्या.