‘गोट सिम्युलेटर’ : पडद्यावरच्या शेळीला मरण नाही

प्रतिनिधी, बीड

आमचा खेळ घेण्यापेक्षा त्याच दहा डॉलरांत एखादे हुला हूप घ्या, विटांचा ढीग घ्या, नाहीतर मित्रांनी वर्गणी काढून खरीखुरी शेळीच विकत आणा, असा सल्ला कोणता विक्रेता आपल्या गिऱ्हाइकाला देईल? स्वीडनमधील ‘कॉफी स्टेन स्टुडिओज’ या कंपनीने २०१४ मध्ये ‘गोट सिम्युलेटर’ या आपल्या संगणकीय खेळाच्या विक्रीपानावर नेमका हाच सल्ला दिला होता. खेळ लहान आहे, मोडका आहे आणि मूर्खपणाचा आहे, अशी कबुलीही तेथेच होती. ग्राहकांनी हा सल्ला मानला नाही. पहिल्याच वर्षात खेळाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. त्या वेळी खेळाडूंमध्ये सुरू झालेला वाद मात्र अजून पुरता मिटलेला नाही.

बीड जिल्ह्यात शेळी विकत आणणे हा विनोदाचा विषय नाही. तो संसाराचा हिशेब आहे. त्यामुळे हा खेळ नेमका काय आहे, खेळाडूंचे त्याविषयी म्हणणे काय आणि आपल्या गोठ्यातल्या शेळीपुढे पडद्यावरची शेळी कशी दिसते, हे येथील वाचकाने जाणून घेण्यासारखे आहे.

गमतीतून जन्म

‘कॉफी स्टेन’ ही स्वीडनमधील श्यॉवदे या गावची कंपनी. ‘सँक्टम’ (२०११) आणि ‘सँक्टम २’ (२०१३) हे तिचे आधीचे खेळ गंभीर प्रकृतीचे होते. जानेवारी २०१४ मध्ये कंपनीतील मंडळींनी थोडा विरंगुळा म्हणून झटपट नमुने तयार करण्याचा उपक्रम हाती घेतला आणि त्यातून शेळीचा हा खेळ पुढे आला. स्केटबोर्डवरील कसरतींचे जुने खेळ असत, तसाच हा खेळ; फक्त स्केटबोर्डवरच्या खेळाडूच्या जागी शेळी, अशी त्यामागची कल्पना होती. नमुन्याची चित्रफीत कंपनीने फेब्रुवारीत ‘यूट्यूब’वर टाकली. तिला मिळालेला प्रतिसाद पाहून गमतीचे रूपांतर विक्रीच्या वस्तूत झाले. अवघ्या काही आठवड्यांत काम उरकून १ एप्रिल २०१४ रोजी, म्हणजे ‘एप्रिल फूल’च्या मुहूर्तावर, खेळ बाजारात आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो मोबाइलवर उपलब्ध झाला आणि २०१५ मध्ये ‘एक्सबॉक्स’ व ‘प्लेस्टेशन’वर पोहोचला.

त्या काळात ‘सिम्युलेटर’ या नावाच्या खेळांची लाट होती. शेतीचे, मालवाहू ट्रक चालवण्याचे, शस्त्रक्रिया करण्याचेही खेळ निघाले होते. प्रत्यक्ष कामाची हुबेहूब नक्कल, हा त्यांपैकी अनेकांचा दावा असे. ‘गोट सिम्युलेटर’ने या दाव्याचीच टर उडवली.

खेळात करायचे काय?

खेळाडू शेळीच्या भूमिकेत असतो. समोर एक छोटे गाव असते आणि त्यात कोठेही जाण्याची मोकळीक असते. अशा रचनेला ‘ओपन वर्ल्ड’ म्हणतात. ठरलेली कथा नाही, गाठायलाच हवा असा शेवट नाही. बांधकामासाठी आणून टाकलेल्या वाळूच्या ढिगावर लहान मुले तासन्‌तास स्वतःचे खेळ रचतात, तसाच हा प्रकार. म्हणूनच अशा खेळांना ‘सँडबॉक्स’ हे नाव पडले आहे.

शेळीने डोक्याने धडक मारायची, उड्या मारायच्या, छतावर चढायचे, जिभेने वस्तू चिकटवून फरफटत न्यायच्या आणि जमेल तेवढी मोडतोड करायची. प्रत्येक उपद्व्यापाला गुण मिळतात. पेट्रोल पंपाजवळ स्फोट होतात, माणसे हवेत उडतात, शेळीही कापडी बाहुलीसारखी हातपाय सैल सोडून कोसळते. मात्र पुढच्याच क्षणी ती उठून चालू लागते. मूळ खेळात शेळी मरतच नाही. गावात अनेक गुपिते दडलेली आहेत. त्यांचा शोध लागला की शेळीला विचित्र शक्ती प्राप्त होतात. पाठीवर रॉकेट बांधून उडण्याचीही सोय आहे.

प्रकाशनाआधीच निर्मात्यांनी एक धोरण जाहीर केले होते. ज्या चुकांमुळे खेळ बंद पडतो तेवढ्याच दुरुस्त करायच्या. ज्या चुका पाहून हसू येते त्या तशाच राहू द्यायच्या. शेळीची मान रबरासारखी लांबणे, पाय भिंतीत रुतणे, शिडी चढताना देह भलत्याच दिशेला वळणे हे सारे त्यामुळे खेळाचा भाग ठरले. वादाचे मूळही येथेच आहे.

खेळाडूंचे दोन तट

समर्थकांचे म्हणणे असे, की खेळ म्हणजे काम नव्हे. मोठ्या कंपन्यांचे खेळ हल्ली नोकरीसारखे झाले आहेत. रोज हजेरी लावा, ठरलेली कामे उरका, मग बक्षीस घ्या. त्यांच्या तुलनेत येथे कोणी हुकूम सोडत नाही. शेजारी चारदोन मित्र असावेत, प्रत्येकाने पाळीपाळीने शेळी हाती घ्यावी आणि पुढे काय विपरीत घडते ते पाहून हसावे. जून २०१४ मध्ये एकाच पडद्याचे भाग करून एकत्र खेळण्याची सोय आणि नवे शहर विनामूल्य मिळाले, तेव्हा या गटाचा उत्साह आणखी वाढला. ‘स्टीम’ या विक्रीव्यवस्थेवरील खेळाडूंचे अभिप्राय बहुसंख्येने अनुकूल आहेत, ते याच कारणाने.

विरोधकांची तक्रारही पोरकट नाही. पहिला तास हसण्यात जातो, दुसऱ्या तासाला तीच धडक आणि तोच स्फोट समोर येतो आणि तिसऱ्या तासाला करण्यासारखे फारसे उरत नाही, असे ते सांगतात. चुकांना विनोद म्हणायचे ठरवले, की निर्मात्याची जबाबदारी संपते काय, हा त्यांचा प्रश्न आहे. दूरचित्रवाणीचा नवा संच बिघडलेला निघाला आणि दुकानदाराने ‘हीच गंमत आहे’ असे सांगितले तर ते कोणी ऐकून घेईल काय? हा खेळ खेळण्यापेक्षा दुसऱ्याला खेळताना पाहण्यातच अधिक मजा आहे, असाही एक शेरा वारंवार आढळतो. मोबाइलवर खेळणाऱ्यांची अडचण निराळी आहे. काचेच्या लहान पडद्यावर एका अंगठ्याने शेळी आणि दुसऱ्याने कॅमेरा सांभाळताना गंमत हातून निसटते.

समीक्षकांतही असेच मतभेद झाले. ‘आयजीएन’ या संस्थेने खेळाला १० पैकी ८ गुण दिले. मात्र अनेक समीक्षकांचे गुण एकत्र करणाऱ्या ‘मेटाक्रिटिक’वर संगणकीय आवृत्तीची सरासरी १०० पैकी साठीच्या घरात राहिली.

दोन्ही बाजू ऐकल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. खेळात काय आहे, याविषयी दोघांत मतभेद नाही. तास दोन तासांचे हसू ही पैसे मोजून घेण्याची वस्तू आहे की नाही, एवढाच मुद्दा आहे. तमाशाचे किंवा विनोदी नाटकाचे तिकीट काढणारा माणूस हा प्रश्न विचारत नाही. खेळाडू विचारतो, कारण संगणकीय खेळाने आपल्याला अनेक दिवस पुरावे, अशी त्याला सवय लागली आहे. निर्मात्यांच्या बाजूने इतके म्हणता येईल, की त्यांनी माल कसा आहे ते आधीच सांगितले होते. जाहिरातीत डोंगराएवढे आश्वासन देऊन हाती अपुरा खेळ ठेवणाऱ्यांपेक्षा हा व्यवहार सरळ होता.

पुढचे भाग

मूळ खेळाला पुढे अनेक जोड मिळाले. २०१५ च्या ‘गोटझी’ या पुरवणीत चालती प्रेते आली आणि जगण्याच्या धडपडीचे खेळ हा थट्टेचा विषय झाला. त्यातील एका प्रकारात दर काही मिनिटांनी खाल्ले नाही तर शेळीचा खेळ खलास होतो. १७ नोव्हेंबर २०२२ रोजी ‘गोट सिम्युलेटर ३’ आला. दुसरा भाग कधी निघालाच नाही. क्रमांक गाळणे हाही विनोदच. हा भाग स्टॉकहोममधील ‘कॉफी स्टेन नॉर्थ’ने केला असून त्यात चौघांना एकत्र खेळता येते. आशय वाढला, पण पहिल्या वेळचा अनपेक्षित धक्का उरला नाही, असे जुने खेळाडू म्हणतात. मूळ खेळाची नव्या साजातील आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली.

लवूळने शिकवलेला धडा

प्राण्याचा उपद्रव दुरून पाहताना हसू येते आणि जवळून पाहताना येत नाही, हे बीड जिल्ह्याइतके कोणाला ठाऊक असेल? डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातील लवूळ येथे माकडांनी कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर व घरांच्या छतांवर नेल्याचे प्रकार घडले. त्यात पिल्ले दगावली. नागपूरच्या वनविभागाच्या पथकाने दोन माकडांना पकडले. ‘माकडांनी सूड म्हणून अडीचशे कुत्री मारली’ ही बातमी मात्र जगभर फिरली. हा आकडा अतिरंजित असल्याचे नंतरच्या वार्तांकनातून समोर आले. तोवर समाजमाध्यमांवर थट्टाचित्रांचा पूर लोटला होता. जगाला तो एखादा संगणकीय खेळ वाटला. गावकऱ्यांना मात्र मुलांना अंगणात सोडावे की नाही, याची चिंता होती.

पडद्यावरच्या शेळीचे हेच वैशिष्ट्य आहे. तिच्या धडकेने कोणाचे कौल फुटत नाहीत की कोणाचे पीक तुडवले जात नाही. परिणाम नाही म्हणून हसू निर्मळ आहे, आणि परिणाम नाही म्हणूनच ते लवकर ओसरतेही.

खरी शेळी

मराठवाड्याची ओळख असलेली उस्मानाबादी शेळी धाराशिव, लातूर आणि बीडसह आसपासच्या जिल्ह्यांत पाळली जाते. बहुतेक काळ्या रंगाची, लांब कानांची ही जात मांस व दूध या दोन्हींसाठी उपयोगी आहे. गाभणकाळ सुमारे पाच महिन्यांचा आणि अनेकदा दोन करडे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे एक प्रक्षेत्र अंबाजोगाईला आहे, यावरून या व्यवसायाचे येथील महत्त्व कळावे.

खेळ रचणाऱ्यांनी शेळीचा स्वभाव मात्र बरोबर हेरला आहे. उंचावर चढण्याची हौस, प्रत्येक वस्तूला तोंड लावण्याची खोड, मागच्या पायांवर उभे राहून टक्कर देण्याची तऱ्हा कोणत्याही गोठ्यात दिसते. खरी शेळी जिभेला मोटारी चिकटवत नाही. बाभळीच्या काट्यांमधून नेमका पाला ओठांनी टिपते, आणि हे कसब त्याहून नवलाचे आहे. दुष्काळात मोठ्या जनावरांचा चारा परवडेनासा होतो, तेव्हा झाडपाल्यावर तग धरणारी हीच शेळी घर सावरते. अडचणीला एक बोकड विकला की मुलाच्या शाळेची किंवा दवाखान्याची सोय होते. तिला आंत्रविषार झाला आणि ती रात्रीतून दगावली, तर पुन्हा सुरुवात करण्याचे बटण गोठ्यात नसते.

‘शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड’ अशी म्हण आपल्याकडे आहे. या खेळात शेळीचा जीव जात नाही. तरीही वातड म्हणणारे आहेतच.

घेणाऱ्यांसाठी

दीर्घ कथा, चुरशीची स्पर्धा किंवा निर्दोष बांधणी हवी असेल, तर हा खेळ आपला नव्हे. सुटीत भावंडे वा मित्र एकत्र जमणार असतील आणि किंमत उतरलेली असेल, तर तो घेण्यास हरकत नाही. मोबाइलपेक्षा संगणकावर खेळलेला बरा. मोडतोड व स्फोट भरपूर असल्याने लहान मुलांच्या हाती देण्यापूर्वी पालकांनी स्वतः अर्धा तास खेळून पाहावे. राहता राहिला निर्मात्यांचा खरी शेळी घेण्याचा सल्ला. तो ऐकायचा असेल, तर आधी चाऱ्याची, निवाऱ्याची आणि पावसाळ्यापूर्वीच्या लसीची तजवीज करावी. तो खेळ अर्ध्यावर सोडता येत नाही.