सरकारी चाळी आणि गावकीची खोली

मुंबई शहरात गरिबाला राहावयास जागा मिळत नाही, ही तक्रार शंभर वर्षांपूर्वी जितकी सार्वत्रिक होती तितकीच ती आजही आहे. परंतु त्याच शंभर वर्षांपूर्वीच्या काळात, एकेका खोलीत दहा-बारा माणसे अंग चोरून झोपत असता, सरकारने मुद्दाम गिरणीकामगारांसाठी उभारलेल्या पक्क्या काँक्रीटच्या चाळी भाडेकरूंची वाट पाहत वर्षानुवर्षे ओस पडल्या होत्या, ही हकीकत आता फारशी कोणाच्या स्मरणात उरलेली नाही. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी या चार ठिकाणच्या बी. डी. डी. चाळी त्या याच. जागेची टंचाई आणि रिकाम्या खोल्या एकाच शहरात एकाच वेळी कशा नांदू शकल्या, या कोड्याचा उलगडा त्या काळच्या इमारतींपेक्षा त्या काळच्या माणसांच्या राहणीत शोधावा लागतो.

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेवची कापडगिरणी 1856 मध्ये सुरू झाली, आणि पुढील चाळीस वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा या भागांतील वाड्या, नारळी-पोफळीच्या बागा आणि भातखाचरे नाहीशी होऊन त्यांच्या जागी गिरण्यांची धुराडी उभी राहिली. या धुराड्यांखाली राबावयास आलेला माणूस प्रामुख्याने कोकणातला आणि घाटावरचा होता. हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशा बंदरांतून आगबोटीने आणि घाटावरून रेल्वेने तो मुंबईस उतरे. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली दोन लाखांहून अधिक माणसे विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत राहत होती. बायकामुले, म्हातारे आईबाप आणि चार गुंठे जमीन ही सारी मागे गावी ठेवून तो येई, लावणीला, शिमग्याला वा गणपतीला रजा काढून परत जाई, आणि मधल्या काळात दरमहा मनीऑर्डर करी. 1921 च्या शिरगणतीत मुंबईत हजार पुरुषांमागे जेमतेम सव्वापाचशे स्त्रिया भरल्या, यावरून हे शहर किती मोठ्या प्रमाणावर एकट्या पुरुषांचे होते याची कल्पना येईल.

अशा माणसाने बोटीवरून उतरून कोठे जावयाचे, हा प्रश्न सरकारने किंवा गिरणीमालकांनी सोडवण्यापूर्वीच गावकीने सोडवून टाकला होता. एका गावचे, बहुधा एकाच जातीचे किंवा भावकीचे पंधरा-वीस चाकरमानी मिळून एक खोली भाड्याने घेत, भाड्याची वर्गणी वाटून देत, आणि गावाहून नवा आलेला पोरगा काम लागेपर्यंत तिच्यात फुकट राहत असे. भिंतीशी ओळीने लावलेल्या पत्र्याच्या पेट्या, त्यांवर रचलेल्या वळकट्या, वर ताणलेल्या दोरीवरचे कपडे, कोपऱ्यातील मोरी आणि देवाचा एखादा फोटो, एवढाच त्या खोलीचा संसार. दिवसपाळीचा माणूस कामावर गेला की त्याच्या जागेवर रात्रपाळीचा माणूस पथारी पसरी. उन्हाळ्यात निम्मी खोली गॅलरीत नाहीतर फुटपाथवर निजे. जेवण शेजारच्या खानावळवालीकडे. ही बाई पुष्कळदा गिरणीकामगाराचीच विधवा किंवा पत्नी असे. महिनाभर ती उधारीवर जेवू घाली, कोणी गावी गेला तर तेवढ्या दिवसांचा खाडा हिशोबात वजा करी, आणि पगाराच्या दिवशी आपले पैसे वसूल करून घेई. संप झाला की मात्र तिची वसुली थांबे, आणि तरीही तिची चूल बहुधा थांबत नसे.

गोव्याच्या ख्रिस्ती लोकांनी हीच व्यवस्था अधिक नियमबद्ध केली होती. धोबीतलाव, माझगाव, डाबूल या भागांतील त्यांची 'कुडे' म्हणजे एकेका गावाच्या नावाने चालणारी वसतिगृहे होत. आगबोटींवर नोकरी करणारे तारवटी, आचारी आणि वादक त्यांत अल्पशी मासिक वर्गणी भरून राहत. तेथेही भिंतीशी पेट्या होत्या, एका टोकाला वेदी होती, आणि संध्याकाळच्या तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, हजर राहणे हा सभासदत्वाचा नियम होता. कोकणी मंडळींच्या खोलीला लिखित घटना नव्हती, कुडांना ती होती. उद्देश उभयतांचा एकच, की परक्या शहरात उतरलेल्या माणसाला पहिल्या रात्रीपासून ओळखीचे छप्पर आणि जामीन राहणारी चार माणसे मिळावीत.

या गर्दीचे भयंकर परिणाम सरकारच्या डोळ्यांसमोर आले ते 1896 च्या सप्टेंबरात. मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांना ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, रोगी प्रथम आढळले आणि थोड्याच महिन्यांत लाखो लोक शहर सोडून पळाले. 1891 मध्ये सव्वाआठ लाखांच्या जवळ असलेली लोकसंख्या 1901 च्या शिरगणतीत पावणेआठ लाखांवर आली. या हाहाकारातून 1898 च्या कायद्यान्वये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा जन्म झाला. ट्रस्टने सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या शेतवाडीत आखीव वसाहती वसवल्या आणि गरिबांसाठी चाळीही बांधल्या. मात्र रस्त्यांसाठी आणि आरोग्यासाठी म्हणून त्याने जितकी बिऱ्हाडे जमीनदोस्त केली, तितकी त्याला परत बांधता आली नाहीत. उठवलेली माणसे साहजिकच शेजारच्या शाबूत उरलेल्या चाळींत शिरली, आणि दाटी कमी होण्याऐवजी केवळ सरकली. 1911 मध्ये शहरातील दर शंभर रहिवाशांपैकी सुमारे सत्तर जण एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होते.

ट्रस्टच्या कर्तबगारीची दोन टोके डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात एकत्र पाहावयास मिळतात. परळच्या पोयबावडीजवळील ट्रस्टच्या चाळीतील लहान खोल्यांत त्यांचे कुटुंब सुमारे दोन दशके राहिले, आणि तेथून ते 'राजगृह' या स्वतःच्या घरी गेले ते ट्रस्टनेच आखलेल्या दादरच्या हिंदू कॉलनीत. मध्यमवर्गासाठी भूखंड आणि कामगारासाठी खोली, अशी ही वाटणी होती. तिच्यातल्या दुसऱ्या बाजूकडून पहिल्या बाजूस जाण्याचे सामर्थ्य लाखात एखाद्याचेच.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस कापडाचा धंदा तेजीत आला, मजुरांची मागणी वाढली, भाडी इतकी भडकली की 1918 मध्ये सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला, आणि 1919-20 च्या मोठ्या संपांनी कामगारांच्या असंतोषाची झळ सेक्रेटरिएटपर्यंत पोचवली. अशा वेळी गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी 1920 मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (बी. डी. डी.) या नव्या खात्याची स्थापना केली आणि त्याचा कारभार सर लॉलेस हेपर यांच्या हाती सोपवला. बॅकबेचा समुद्र हटवून जमीन काढणे हे खात्याचे एक काम, आणि गरिबांसाठी 50,000 खोल्या बांधणे हे दुसरे. खर्चासाठी कर्ज उभारले गेले, आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसवण्यात आला. पहिल्या कामाची अखेर कशी झाली, आणि वकील खुर्शेद नरिमन यांनी त्यातील गैरकारभार कसा चव्हाट्यावर मांडला, ते सर्वश्रुत आहे. दुसऱ्या कामाची अखेर त्या मानाने निमूटपणे झाली: पन्नास हजारांची योजना सुमारे सोळा हजार खोल्यांवर आवरती घेण्यात आली, आणि 207 चाळी उभ्या राहिल्या. त्यांपैकी 121 वरळीस, 42 नायगावास, 32 डिलाईल रोडला आणि 12 शिवडीस.

बांधकाम म्हणून पाहिले तर या चाळी काळाच्या पुढे होत्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यास वीस खोल्या, खोली सुमारे 160 चौरस फुटांची, आणि सारा इमला पोलादी सळया घातलेल्या काँक्रीटचा. गिरगावातल्या किंवा लालबागेतल्या जुन्या लाकडी चाळीत खोल्यांपुढे उघडी गॅलरी असते आणि गॅलरीपुढे अंगण. येथे मात्र जागा आणि पैसा वाचवण्याच्या हिशोबाने मजल्याच्या मध्यातून एक बंदिस्त बोळ काढून त्याच्या दोन्ही अंगांस दहा-दहा खोल्या बसवल्या होत्या. भर दुपारीही या बोळात अंधार दाटलेला असे. शौचकूप मजल्यावर सामाईक. वर्षभर शेणाने सारवलेल्या जमिनीची आणि ओटीपडवीची सवय असलेल्या माणसाला ही काँक्रीटची खोली उन्हाळ्यात तापे आणि पावसाळ्यात कोंदट होई, ही तक्रार होतीच.

तथापि खोल्या रिकाम्या राहण्याचे खरे कारण भिंतींत नव्हते. एक तर भाडे जुन्या चाळीतील वाटणीच्या भाड्यापेक्षा पुष्कळ जास्त, आणि गावकीच्या खोलीत आठ आण्यात-रुपयात भागवणाऱ्याला संबंध खोलीचे भाडे एकट्याने परवडणे अशक्य. शिवाय 1923 नंतर धंद्यातील तेजी ओसरून मंदी आली. परंतु याहून महत्त्वाची अडचण अशी की, वरळीची जागा गिरण्यांच्या दारापासून लांब होती, आणि गिरणीकामगाराचे जगणे त्या दाराशी बांधलेले होते. हजारो कामगार बदलीवर असत. पहाटे भोंगा होताना फाटकाशी उभे राहिले आणि जॉबरने, म्हणजे मजूर भरती करणाऱ्या मुकादमाने, बोट दाखवले तरच त्या दिवशी काम. त्या जॉबरच्या नजरेसमोर राहणे, त्याच्याच चाळीत किंवा त्याच्या ओळखीत खोली घेणे, हा नोकरीचाच भाग होता. पगार महिन्याने, तोही उशिरा, म्हणून तोवर डाळतांदूळ उधार देणारा वाणी हवा. वाणी उधार देतो तो ओळखीवर. संपात पोट भरावयाचे ते या वाण्याच्या आणि खानावळवालीच्या जिवावर. सरकारने खोली दिली. वाणी, खानावळ, जॉबर, भावकी आणि गिरणीचा भोंगा ही पाचही मात्र जुन्या नाक्यावरच राहिली. भाडे उतरवूनही भाडेकरू येईनात, आणि 1930 च्या कायदेभंगाच्या चळवळीत सरकारला सत्याग्रही कोंडण्यास जागा अपुरी पडू लागली तेव्हा वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग करण्यात आला. मजुरांना सुखाने नांदवण्यासाठी बांधलेल्या खोल्यांत प्रथम दाटीने राहिले ते कैदी, या विपर्यासावर वेगळे भाष्य करावयास नको.

पुढे चाळी भरल्या. दुसऱ्या महायुद्धाने गिरण्यांना तीन पाळ्या दिल्या, लोकसंख्या बेसुमार वाढली आणि 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर मुंबईत रिकामी खोली हे स्वप्न झाले. परंतु चाळी भरल्या त्या कशा, हे पाहण्यासारखे आहे. पहिला आला त्याने भाचा आणला, भाच्याने गाववाला आणला, आणि पाहता पाहता एकेका मजल्यावर एकेक तालुका उतरला. चाळींच्या मधल्या जागांत व्यायामशाळा, भजनी मंडळे, वाचनालये, कबड्डीचे संघ आणि गणेशोत्सव मंडळे निघाली. जांबोरी मैदान ही साऱ्या वरळीची ओसरी झाली. ज्या बंदिस्त बोळाला सर्वांनी नावे ठेवली होती, त्यातच लग्नाच्या पंगती बसल्या आणि परीक्षेच्या दिवसांत मुले अभ्यासाला बसली. नुसत्या खोल्यांची वस्ती झाली ती अशी, भाडेकरूंच्या हातून आणि सरकारी तजविजीच्या बाहेर.

या शेजाराचे गुणगान करताना त्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. गावकीबरोबर गावची शीवही शहरात आली. खोली जातीने मिळे, पंगत जातीने बसे. गिरणीतही विणकरखात्यात अस्पृश्य कामगारांना मज्जाव होता, कारण तेथे धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे. वरळीच्या चाळींतही कोणती चाळ कोणाची हे सर्वांना ठाऊक होते, आणि 1974 च्या जानेवारीत दलित पँथरच्या सभेनंतर तेथे जी दंगल उसळली तिने ही अदृश्य शीव रक्ताने दाखवून दिली. ज्या बंधाने नवख्याला पहिल्या रात्री छप्पर दिले, त्याच बंधाने दुसऱ्या कोणाला दाराबाहेर ठेवले.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकामागून एक बंद पडले, आणि आता या चाळींची पाळी आली आहे. 2017 मध्ये म्हाडामार्फत वरळी, नायगाव आणि डिलाईल रोड येथील चाळींच्या पुनर्विकासाचा प्रारंभ झाला. 160 चौरस फुटांच्या खोलीतील भाडेकरूस 500 चौरस फुटांचे मालकीचे घर देण्याचे ठरले. तीन-तीन पिढ्या एका खोलीत काढलेल्या कुटुंबांना याचा आनंद होणे स्वाभाविक आहे, आणि त्या अंधाऱ्या बोळासाठी अश्रू ढाळण्याचा अधिकार त्यात कधी न राहिलेल्यांस नाही. परंतु कोणास कोणता मजला मिळावयाचा हे संगणकीय सोडतीने ठरते, आणि चाळीस वर्षांचे शेजारी त्या सोडतीत सहज विखुरले जातात. सोडत निःपक्षपाती असते, हे खरे. जुनी जातवार वाटणी तिने मोडली तर ते चांगलेच होईल. तरीही ज्यांची इच्छा असेल अशा शेजाऱ्यांनी पाच-दहाच्या गटाने अर्ज करावा आणि सोडत त्या गटाच्या नावे निघावी, एवढी सोय करण्यास जास्तीची एक वीटही लागणार नाही. तळमजल्यावर वाण्याला आणि मंडळाला परवडणारी जागा ठेवावी, मैदान मैदानच राहू द्यावे. 1920 च्या खात्याने खोल्या मोजल्या आणि माणसांचे परस्परांशी असलेले व्यवहार मोजले नाहीत, म्हणून त्याच्या चाळी ओस पडल्या. आजच्या घरांना गिऱ्हाईक मिळेल यात शंका नाही. ती घरे विकून मूळ भाडेकरू शहराबाहेर गेला, तर मात्र योजना दुसऱ्यांदा फसली असे म्हणावे लागेल.